मुंबई सोडून सहकुटुंब बडोद्यात स्थायिक होणे कितपत योग्य ठरेल?

नोकरी कोणत्या क्षेत्रातील आहे, यावर निम्मे उत्तर अवलंबून आहे. कोयलीचा तेलशुद्धीकरण कारखाना, त्याच्या आधाराने वाढलेले रसायन उद्योग आणि विद्युत उपकरणांचे कारखाने यांमुळे अभियंत्यांना येथे वाव आहे. सॉफ्टवेअर क्षेत्रात मात्र एक नोकरी सुटल्यावर त्याच तोडीची दुसरी याच शहरात मिळेल, असे गृहीत धरू नये. घर मुंबईच्या मानाने बरेच स्वस्त पडते, परंतु ते निवडताना विश्वामित्रीच्या पुराची चौकशी अवश्य करावी, कारण ऑगस्ट २०२४ मध्ये नदीकाठच्या अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या होत्या, आणि ही गोष्ट दलाल सहसा आपणहून सांगत नाहीत. मुलांच्या उच्च शिक्षणासाठी १९४९ साली स्थापन झालेले महाराजा सयाजीराव विद्यापीठ आहे व त्याची ललितकला शाखा देशभर नावाजलेली आहे. गायकवाडांच्या काळापासून दांडिया बाजार परिसरात मराठी वस्ती असल्याने गणेशोत्सवात परकेपणा जाणवत नाही. तरी बाजारात आणि शेजारात गुजराती शिकल्यावाचून फार काळ निभत नाही. आईवडील मुंबईतच राहणार असतील, तर जलद गाडीचा साधारण पाच तासांचा प्रवासही हिशेबात धरावा. पहिला पावसाळा भाड्याच्या घरात काढून मगच खरेदीचा विचार करावा, असे माझे मत आहे.