पॉवर बँक जवळ, शाम्पू मात्र बाहेर?

प्रश्न : विमानतळावर पॉवर बँक मोठ्या बॅगेतून काढून हातातल्या सामानात ठेवायला सांगितली आणि शाम्पूची अर्धी रिकामी बाटली मात्र काढून घेतली. असे का?

उत्तर : पॉवर बँकेतल्या लिथियम बॅटरीत बिघाड झाला तर ती स्वतःच तापत जाऊन पेट घेऊ शकते, केबिनमध्ये हे लगेच लक्षात येते आणि कर्मचारी ती विझवू शकतात, सामानकक्षात मात्र तिथवर कोणी पोहोचू शकत नाही. म्हणून पॉवर बँक जवळच ठेवावी लागते, तीही साधारणपणे १०० वॅट-अवरपर्यंतच (वॅट-अवर म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप). त्यापुढे १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. पॉवर बँकेवर केवळ मिलिअँपिअर-अवर (mAh) छापलेले असल्यास त्याला व्होल्टने गुणून हजाराने भागावे : २०,००० मिलिअँपिअर-अवर आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॅट-अवर. आकडे पुसट झालेली पॉवर बँक कृपया नेऊच नये, कारण तिची क्षमता तपासनिसाला पटवून देणे अवघड असते.

शाम्पूच्या बाबतीत आत किती उरला आहे हे नव्हे, तर बाटलीची क्षमता पाहिली जाते. २००६ मध्ये द्रवरूप स्फोटकांचा कट उघडकीस आल्यानंतर आंतरराष्ट्रीय प्रवासात १०० मिलिलिटरची मर्यादा आली. काही विमानतळांनी नव्या स्कॅनरमुळे ती शिथिल केली असली, तरी परतीच्या विमानतळाचा नियमही आधी पाहून घ्यावा.