बाळाची विचारपूस: लेकरू माती खातं तेव्हा

प्रश्न : माझा मुलगा पावणेदोन वर्षांचा आहे, वजन साडेनऊ किलो. आम्ही रावेर तालुक्यात राहतो, घरची केळी आहे. तो दिवसभर म्हशीच्या दुधाची बाटली मागतो, भाकरी-वरण तोंडात घातलं की थुंकतो. चहात बुडवलेलं बिस्कीट मात्र खातो. दोन महिन्यांपासून अंगणातली माती आणि भिंतीचे पोपडे खातोय. सासूबाई म्हणतात, "पोर्‍या माटी खास, त्यात काय एवढं!" अंगणवाडीताईंनी आग्रह केला म्हणून रक्त तपासलं, तर हिमोग्लोबिन ८.२ निघालं. डॉक्टरांनी लोहाचं सिरप दिलं, पण शी काळी व्हायला लागली म्हणून पाच दिवसांत बंद केलं. आता रोज बिटाचा रस आणि केळी देतोय. रक्त वाढेल ना?
– एक आई

उत्तर : ताई, सिरप आजच पुन्हा सुरू करा. बाकीचं त्यानंतर वाचा.

शी काळी होते ती पोटात न जिरलेल्या लोहामुळे. औषध पोटात जातंय एवढाच त्याचा अर्थ. डांबरासारखी चिकट, घाण वासाची शी झाली तर मात्र दाखवायला या, ती गोष्ट वेगळी. औषधाने दातांवर काळसर डाग पडतात, म्हणून सिरप जिभेच्या मागच्या बाजूला सोडा आणि वर पाणी पाजा. डाग पडलेच तरी ते जातात.

दोन वर्षांच्या आतल्या मुलाचं हिमोग्लोबिन १०.५ च्या खाली, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलाचं ११ च्या खाली असेल तर त्याला आम्ही रक्तक्षय म्हणतो. सातच्या खाली गेलं तर तो गंभीर. तुमच्या मुलाचं ८.२, म्हणजे मधल्या पायरीवर. घाबरू नका, पण अंगावरही काढू नका. लोह फक्त रक्ताला लागतं असं नाही. याच वयात मेंदू झपाट्याने घडत असतो, त्यालाही ते लागतं. लोह कमी पडलेली मुलं चिडचिडी होतात, खेळता खेळता बसून राहतात. हे दिवस पुन्हा येत नाहीत, म्हणून मी एवढ्या तळमळीने लिहिते आहे.

तुमच्या अंगणवाडीताईंची नजर चांगली आहे, त्यांना माझा नमस्कार सांगा. माझ्याकडे मूल आलं की मी त्याला खिडकीपाशी नेते आणि त्याचा तळहात माझ्या तळहाताशेजारी धरते. मग खालची पापणी ओढून आतली कड बघते, जीभ बघते. घरी बघताना एक चूक हमखास होते. आई स्वतःच्या तळहाताशी तुलना करते आणि म्हणते, "माझ्यासारखाच तर आहे." आईचंच रक्त कमी असतं! तेव्हा ताई, तुमचंही हिमोग्लोबिन तपासून घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली सहा महिने ते पाच वर्षांची ६८.९ टक्के मुलं रक्तक्षयाची निघाली. आजूबाजूची बहुतेक मुलं फिकट असली की फिकटपणाच नेहमीचा वाटायला लागतो.

आता माती. माती खाल्ल्याने रक्त कमी होतं असं आपल्याकडे म्हणतात. बहुतेकदा गोष्ट उलटी असते : आधी लोह संपतं, मग ही विचित्र भूक लागते. तेव्हा पोराला मारू नका, बोटांना कडू काही लावू नका. लोह पोटात जायला लागलं की काही आठवड्यांत ही ओढ आपोआप कमी होते. मात्र मातीतून जंत पोटात जातात, म्हणून जंताचं औषध द्या. त्याच्या वयाला अल्बेंडाझोलची अर्धी गोळी, चुरून. अंगणवाडीत ती १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या जंतनाशक दिनाच्या सुमारास मिळते. पोपडे जुन्या ऑइलपेंटचे असतील तर डॉक्टरांना तेही सांगा, त्या रंगात शिसं असू शकतं.

मूळ दुखणं त्या बाटलीत आहे. बाळ आईच्या पोटातून जे लोह घेऊन येतं ते साधारण सहा महिने पुरतं. त्यानंतर ते जेवणातूनच यायला हवं. दुधात लोह नसल्यातच जमा, शिवाय दुधाने पोट भरलं की भाकरीला जागा उरत नाही. दिवसाला दोन कप दूध पुरे, तेही कपाने. बाटली फेकून द्या. दोन रात्री रडेल. चहा पूर्ण बंद : जेवणातलं लोह चहा अडवून धरतो.

केळीबद्दल तुम्हाला वाईट वाटेल, पण सांगते. केळं चांगलं फळ आहे, खुशाल द्या. लोहासाठी मात्र त्याच्यावर विसंबू नका. बिटाचंही तेच. रस लाल म्हणून रक्त लाल, असा हिशेब शरीर करत नाही. त्यापेक्षा कळण्याची किंवा बाजरीची भाकरी डाळीत कुस्करून द्या, पोकळ्याची भाजी द्या, वर लिंबू पिळा, कारण आंबटाने लोह चांगलं जिरतं. चुका घातलेली डाळ लोखंडी कढईत शिजवून लगेच दुसऱ्या भांड्यात काढा. घरात चालत असेल तर अंडं, मटणाचा किंवा कलेजीचा मऊ केलेला तुकडा याहून सरस. पण ८.२ वरून नुसत्या जेवणाने भर पडायला फार काळ जाईल. औषध लागेलच.

मात्रा दर किलो वजनाला रोज ३ मिलिग्रॅम लोह, म्हणजे त्याला अठ्ठावीस-तीस मिलिग्रॅम. प्रत्येक कंपनीच्या बाटलीत लोहाचं प्रमाण वेगळं असतं, म्हणून बाटली डॉक्टरांसमोर ठेवून किती मिलि ते लिहूनच घ्या. औषध दुधाबरोबर देऊ नका. चार आठवड्यांनी पुन्हा तपासा. निदान १ ग्रॅम वाढ दिसायला हवी. नाही दिसली तर औषध बदलत बसण्याआधी कारण शोधायला हवं. आणि हिमोग्लोबिन ठीक झालं म्हणून थांबू नका. पुढे दोन-तीन महिने चालू ठेवा, तेव्हा कुठे शरीरातला साठा भरतो. पहिली बाटली संपली की बहुतेक घरं इथेच थांबतात आणि मूल सहा महिन्यांनी पुन्हा पांढरंफटक होऊन येतं.

बाटली उंच फडताळात, कुलपात ठेवा. गोड म्हणून पोराने सगळी पिऊन टाकली तर लोहाचं विष होतं. तसं झालं तर उलटीची वाट न बघता थेट मोठ्या दवाखान्यात न्या. मूल धापा टाकत असेल, पाय सुजले असतील किंवा अंगावर निळे डाग उठले असतील, तरी त्याच दिवशी.

प्रश्न : मी शहादा तालुक्यातल्या आश्रमशाळेत शिक्षक आहे. पहिलीतली एक मुलगी फार फिकट दिसते, डोळे पिवळसर, थंडीत हातपाय दुखतात म्हणून रडते. आठवड्याची लोहाची गुलाबी गोळी देऊनही फरक नाही. गोळ्या वाढवाव्यात का?

उत्तर : सर, नाही. हा बहुधा सिकलसेल, म्हणजे आईबापांकडून येणारा रक्ताचा आजार असावा. तुमच्या भागातल्या आदिवासी मुलांत तो बराच आढळतो. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या वर्षांत सातपुड्याच्या पायथ्याच्या गावातून आलेल्या अशाच एका मुलीला मी चार महिने लोह देत राहिले. रक्त वाढेना म्हणून सिरप बदललं, मात्रा वाढवली, आईलाच विचारलं की नीट देता ना. ती माउली दर खेपेला दोन एसटी बदलून येत होती. शेवटी मुलगी छाती दुखते म्हणून अत्यवस्थ झाली तेव्हा सोल्युबिलिटी टेस्ट, म्हणजे सिकलसेलची पहिली साधी रक्ततपासणी झाली. पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. ती मुलगी वाचली, पण ते चार महिने मी विसरलेले नाही.

सिकलसेलमध्ये रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन लवकर फुटतात. त्यातलं लोह शरीरातच राहतं, म्हणून खरी कमतरता तपासणीत दिसल्याशिवाय वरून लोह द्यायचं नसतं. तिची गुलाबी गोळी सध्या थांबवा आणि तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या. सोल्युबिलिटी टेस्टमध्ये आजारी आणि नुसता वाहक यांतला फरक कळत नाही, त्यासाठी पुढची एचपीएलसी तपासणी मागा. आजार निघालाच तर फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सीयुरिया, लसी, भरपूर पाणी आणि थंडीत स्वेटर, एवढ्यानेही तिचं दुखणं पुष्कळ कमी होईल. तिची धाकटी भावंडं असतील तर त्यांचंही रक्त त्याच दिवशी तपासून घ्या.