नव्या हेड गर्लसाठी चार शब्द

कॉन्व्हेंट शाळेची हेड गर्ल, म्हणजे विद्यार्थिनींची प्रमुख, म्हणून तुझी निवड झाली आहे, तेव्हा शपथविधीच्या भाषणाआधी बायबलमधील योहानकृत शुभवर्तमानाचा 13 वा अध्याय एकदा वाच; त्यात येशू कमरेला रुमाल बांधून स्वतः शिष्यांचे पाय धुतो, आणि पेत्र या शिष्याला ते मुळीच रुचत नाही. आपल्या शाळांतील अनेक मुली ख्रिस्ती नसतात, म्हणून या प्रसंगावर प्रवचन देऊ नकोस. आधी सेवा आणि मग अधिकार, हा त्यातला क्रम तेवढा उचल. मी प्रीफेक्ट (शिस्त सांभाळणारी विद्यार्थिनी) असताना पहिले तीन महिने रांगेत बोलणाऱ्या मुलींची नावे वहीत टिपण्यात घालवले, आणि परिणाम एवढाच झाला की मी दिसताच व्हरांडा गप्प होई (त्या वहीची आठवण अजूनही नकोशी वाटते). पुढे मधल्या सुट्टीत पाचवीच्या मुलींबरोबर डबा खाऊ लागले, तेव्हा मराठी माध्यमातून नव्याने आलेल्या एकीला तिच्या इंग्रजीवरून रोज चिडवले जाते, हे मला प्रथमच कळले. असे काही समजले तर चिडवणाऱ्यांना प्रार्थनेच्या वेळी सर्वांसमोर उभे करू नकोस, त्यांना बाजूला घेऊन बोल. मात्र मारहाण किंवा धमकीचा प्रकार असेल, तर त्याच दिवशी वर्गशिक्षिकेला सांग, कारण ते ओझे तुझ्या वयाचे नव्हे. हाउसच्या, म्हणजे शाळेतील मुलींच्या गटांच्या, गुणांची काळजी हाउस कॅप्टनांवर सोपव.