विचारा की! शेतातलं टेबल, उडणारी छत्री आणि हळदीचे डाग

प्रश्न: आमचं शेत कोल्हापूरजवळ आंबेवाडीकडं, नदीपासून फार लांब नाही. झाडाखाली जेवायला बाभळीचं टेबल आन् बाकडी केली होती, ती वाळवीनं खाल्ली. आता एकजण म्हणतोय रिसायकल प्लॅस्टिकच्या फळ्यांचं घ्या, पन्नास वर्षं काही होत नाही. खरं का ओ हे? – एक शेतकरी वाचक

उत्तर: दादा, कुजत नाही हे खरं, वाळवी लागत नाही हेही खरं, पण "काही होत नाही" हे विकणाऱ्याचं बोलणं झालं. हे टेबल बिघडतं ते फळीत कमी आणि जोडणीत जास्त, म्हणून दुकानात गेलात की वरनं हात फिरवत बसू नका, सरळ टेबल उलटं करायला लावा.

या फळ्या बहुतेक एचडीपीईच्या असतात, म्हणजे शाम्पूच्या बाटल्या, तेलाचे कॅन, ज्यांच्या बुडाला त्रिकोणात 2 आकडा असतो तो माल वितळवून केलेल्या. हे प्लॅस्टिक लाकडाएवढं ताठ नसतं, त्यामुळं आधार लांब-लांब असले की मधे झोळ येतो, वजन नसलं तरी हळूहळू येतो, आणि एकदा आला की परत सरळ होत नाही. तेव्हा खालचे आडवे अँगल दीड फुटाच्या आत पाहिजेत. दुसरं, उन्हानं फळी वाढते. साधी सहा फुटी फळी पहाट ते दुपार 30 अंशांच्या फरकाला पाच-सहा मिलिमीटर तरी लांबते, लोखंडी फ्रेम मात्र जवळजवळ तिथल्या तिथंच, मग दोन्ही टोकं स्क्रूनं घट्ट आवळली असतील तर फळी कमान टाकणार नाहीतर भोकापाशी चिरणार. चांगल्या जोडणीत मधला स्क्रू पक्का असतो आणि टोकाची भोकं लांबट असतात, शिवाय दोन फळ्यांत फट सोडलेली असते. स्क्रू स्टेनलेस आहेत म्हणाला तर खिशात चुंबक ठेवा, जोरात चिकटला की समजायचं साधं लोखंड नाहीतर हलक्या प्रतीचं स्टेनलेस, पावसात तांबडे ओघळ येऊ शकतात. आणि हे सगळं रेडिमेड चांगलं मिळालं नाही तर नुसत्या फळ्या आणून फ्रेम कोल्हापुरात उद्यमनगरातल्या वर्कशॉपात करून घ्या की, तिथं हे काम सांगायचीबी गरज नाही, फक्त लांबट भोकांचं तेवढं बजावून सांगा.

फळीचा तुकडा मागून घ्या आणि बादलीत टाका. एचडीपीई पाण्यावर तरंगतं, बुडलं तर आत चुना-पावडर, लाकडाचा भुसा नाहीतर दुसरं प्लॅस्टिक आहे. कापलेल्या तोंडाला बारीक छिद्रं दिसली तर चालतंय, बोट जाईल एवढी पोकळी नको. काळा रंग उन्हाला सगळ्यात जास्त टिकतो कारण त्यातली काजळीच फळीला वाचवते, पण एप्रिलात त्याच्यावर बसून दाखवा म्हणजे झालं. तपकिरी नाहीतर करडा घ्या, फक्त उन्हापासून वाचवणारं यूव्हीचं औषध मालात मिसळलंय का ते बिलावर लिहून मागा.

आणि हो, 2019 आणि 2021 चा पूर तुम्हाला मी काय सांगणार. फळी पाण्यानं फुगणार नाही, पण तरंगते म्हटल्यावर फ्रेम हलकी असली तर आख्खं टेबल वाहत खाली शिरोळला पोचेल! पाय काँक्रीटमधे पुरा नाहीतर झाडाला साखळी बांधा.

प्रश्न: पन्हाळ्याला आमचं छोटं होमस्टे आहे. बाहेरच्या टेबलावरची छत्री वाऱ्यानं उलटी होते, टेबलक्लॉथ उडतं. क्लिपा आणल्या तर त्या बसतच नाहीत. – एक वाचक

उत्तर: ताई, क्लिपा पातळ टेबलासाठी असतात, तुमची फळी दीड इंची असेल तर त्या तेवढ्या उघडतच नाहीत, आधी जाडी मोजा आणि मग ऑर्डर करा. त्याहून सोपं म्हणजे कापडाच्या चार कोपऱ्यांना खिसे शिवून आत जाडजूड नट टाकायचे. छत्री घेताना वर वारा जायला झडप असलेली घ्या, आणि दांडा नुसता टेबलाच्या भोकात अडकवू नका, खाली वजन पाहिजेच. 20 लिटरची रंगाची बादली, मधे पाइप उभा धरून काँक्रीटनं भरली की पंचेचाळीस किलोच्या आसपास जाते. तरी वळीव दिसला की छत्री मिटायची, कसलंही वजन त्याला पुरत नाही.

प्रश्न: पांढरट एचडीपीई प्लॅस्टिकच्या टेबलावर तांबड्या रश्श्याची तर्री सांडली, डाग जाईना. वर रंग मारू का? – एक वाचक, राजारामपुरी

उत्तर: रंग अजिबात नको, एचडीपीईवर तो धरत नाही, पोपडे निघतील. साबणाच्या पाण्यानं आणि मऊ ब्रशनं तेल काढा आणि टेबल उन्हात ओढा. हळदीचा पिवळा रंग उन्हानं उडतो. मिरचीचा लालपणा थोडा चिवट असतो, त्याला दोन-चार उन्हं जास्त द्या. तारेचा घासणा लावू नका, ओरखड्यात पुढची तर्री अजून मुरते. आणि चुलीवरचं पातेलं त्यावर थेट ठेवत असाल तर आजपासून अडणी वापरा, हे प्लॅस्टिक 130 अंशांच्या आसपास वितळतं पण मऊ त्याच्या बरंच आधी पडतं, आणि पातेल्याच्या बुडाचा गोल उमटला की तो कुठल्याच साबणानं जात नाही.