ठोके नेहमीसारखे होते, म्हणून?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलीला भावनांचा शरीरावर होणारा परिणाम मोजण्याच्या क्षेत्रात संशोधन करायचंय, त्यात भवितव्य आहे का, हा तुमचा प्रश्न. पण मी अडकले ती मधल्याच एका ओळीपाशी. सराव परीक्षेनंतर ती रडत होती, तुम्ही तिच्या मनगटावरच्या घड्याळात हृदयाचे ठोके पाहिलेत आणि म्हणालात, "ठोके तर नेहमीसारखे आहेत, नाटकं पुरे."

हे चुकलं. जे शास्त्र तिला शिकायचंय, त्याच्याच नावाने तुम्ही तिला खोटं पाडलंत.

ठोक्यांवरून मनातलं कळतं, हा गैरसमज फार पसरलाय. १९५३ साली अल्बर्ट अ‍ॅक्स या संशोधकाने प्रयोगशाळेत लोकांना मुद्दाम घाबरवलं आणि चिडवलं: भीतीसाठी विजेचा सौम्य झटका आणि ठिणग्या, रागासाठी उद्धटपणे वागणारा तंत्रज्ञ. शरीराचे प्रतिसाद सरासरीने वेगळे दिसले, आशा वाढली. पण २०१८मध्ये अशा २०२ अभ्यासांचं एकत्रित विश्लेषण झालं, तेव्हा प्रत्येक भावनेची अशी ठरलेली शारीरिक खूण काही सापडली नाही. शिवाय भावना एकेकट्या येतात कुठे? राग यावा म्हणून दाखवलेली चित्रफीत किळस आणि दुःखही जागं करते. तळहाताला घाम सुटला की शरीर चेतलंय एवढंच कळतं, कशाने ते नाही. भुवया आक्रसणारा स्नायू आकुंचन पावला तर काहीतरी नकोसं वाटतंय, इतकंच. धोका समोर दिसला की ठोके काही क्षण मंदावतातसुद्धा! म्हणून संशोधक यंत्र लावतात आणि माणसालाही विचारतात: भीती किती वाटली, राग किती, वाईट किती? प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घेतात.

तेव्हा ठोके नेहमीसारखे असतानाही तिच्या मनात निकालाची भीती, तुमच्यावरचा राग आणि स्वतःची लाज एकाच वेळी असू शकते.

मार्ग सरळ आहे: मानसशास्त्र किंवा शरीरक्रियाशास्त्रात पदवी, मग पदव्युत्तर, मग पीएचडी, संख्याशास्त्र आणि प्रोग्रॅमिंगची तयारी आतापासून. वर्षं बरीच लागतात. तिची ओढ खरी असेल तर लागू देत.

पण हा निर्णय आज नको. आज तिच्याजवळ बसा आणि त्या दिवशी तिला काय काय वाटलं होतं, ते विचारा. ती बोलत असताना मध्ये बोलू नका, घड्याळाकडे तर बघूच नका. आणि पुढचं पत्र तिला लिहू द्या.