पाणी वाढायला लागलं की आमच्या घरात भांडण सुरू होतं

“मॅडम, पावसाळा तोंडावर आला की माझी झोप उडते. पुराची काही तयारी करू म्हटलं तर घरात कुणी मनावर घेत नाही. वर मलाच म्हणतात, तू फार विचार करतेस.”

सांगली-कोल्हापूर भागात समुपदेशनाचं काम करताना मे महिन्यात हे वाक्य थोड्याफार फरकाने माझ्या कानावर येतंच. बोलणारी बहुतेक वेळा घरातली सून असते. टॉर्च, बिस्किटं, कागदपत्रांची पिशवी हे सगळं तिला पाठ असतं. तिचा प्रश्न यादीचा नसतोच, घरातल्या माणसांचा असतो. म्हणून वैशालीची हकीकत सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत, लिहिण्याला तिची संमती आहे.

कृष्णाकाठचं गाव. घरात नवरा, सासू, तिसरीतली मुलगी आणि गोठ्यात दोन म्हशी. २००५ च्या पुरात पाणी त्यांच्या दुसऱ्या पायरीला टेकून परत गेलं होतं. त्यामुळे २०१९ च्या ऑगस्टमध्ये सगळी गल्ली त्या जुन्या खुणेच्या भरवशावर बसून राहिली. सांगलीत आयर्विन पुलापाशी २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. २०१९ ला ते ५७ फुटांच्या वर गेलं. या चार फुटांत अख्ख्या वस्त्या बुडाल्या. वैशालीचं घर रात्री बोटीने बाहेर पडलं, कडेवर वर्षाची मुलगी घेऊन. म्हशींची दावी कापून त्यांना सोडून दिलं, त्यातली एक पुन्हा मिळाली नाही. त्याच आठवड्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांची बोट उलटून माणसं गेली. ती बातमी तिने निवारा केंद्रात ऐकली. आपण बसलो होतो तीही तशीच खच्चून भरलेली होती, हे तेव्हा तिच्या लक्षात आलं.

मग २०२१ चा जुलै. पुन्हा पाणी, पुन्हा धावपळ. तेव्हापासून जून लागला की ती रात्री दोनला उठून मोबाईलवर पातळी बघते. कोयनेतून किती सोडलं, अलमट्टीतून किती सोडलं, कुठल्या ग्रुपवर काय आलंय. नवऱ्याला न सांगता तिने पिशवी भरून ठेवली, तर त्याने ती माळ्यावर टाकली. सासूबाईंना ती आत्या म्हणते. आत्यांचं म्हणणं, “अभद्र बोलू नगंस, नदी ऐकती.”

मी तिला विचारलं, त्या दिवसांतलं सगळ्यात जास्त काय आठवतं? ती म्हणाली, “भांडण. दुपारपासून रात्रीपर्यंत जायचं का नाही जायचं यावर आम्ही भांडत होतो. पाणी वाढत होतं आणि आम्ही भांडत होतो.”

पूरग्रस्त घरांशी बोलताना हे मी वारंवार ऐकलं आहे. सामान कमी पडलं म्हणून अडकलेली घरं मला थोडी भेटली. निर्णय लांबला म्हणून अडकलेली खूप. पाणी चढत असताना घरातला प्रत्येक जण आपापल्या जिव्हाळ्याची गोष्ट धरून बसतो, आणि “अजून थोडं बघू” हे सगळ्यांनाच सोयीचं वाटतं. अशा वेळी “चला” म्हणणारी बाई भित्री ठरते. तेव्हा जायचं कधी हे कोरड्या दिवसांत, सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं. आणि ते कुणा माणसाच्या शब्दावर ठेवू नये, आकड्यावर ठेवावं. आकड्याशी कुणी भांडत नाही.

तिचा नवरा यायला तयार नव्हता. आला तेव्हा हाताची घडी घालून बसला. मी पुराची भीती त्याला समजावायला गेले नाही, ती त्याने माझ्यापेक्षा जवळून पाहिली होती. एवढंच विचारलं, लवकर निघालात तर तुमचं नुकसान काय होतं? हा प्रश्न त्याला आजवर कुणी केला नसावा. तो बोलत सुटला. डेअरीचं दहा दिवसांचं बिल बुडतं. म्हशी जागा बदलल्या की आटतात. घर बंद राहिलं की चोरी होते. मेव्हण्याच्या दारात किती दिवस बसायचं? यातली एकही गोष्ट खोटी नाही. “जिवापेक्षा मोठं काही नाही” असं म्हणून त्या उडवून लावणाऱ्यांचा मला राग येतो. कारण ज्याचं पोट म्हशीवर आहे, त्याला ती सोडून जायला सांगणं म्हणजे काय, हे त्यांनी पाहिलेलं नसतं.

बोलता बोलता तो सहज म्हणाला, “तसं घराला पाणी लागायच्या आधीच ओढा फुगतो आन् रस्ता बंद होतो.”

आम्ही सगळे थांबलो. गेली इतकी वर्षं घर पायरीकडे बघत होतं, आणि सुटायची वाट तर ओढ्याच्या पुलावर बंद होत होती. नदी फुगली की ओढ्याचं पाणी मागे रेटलं जातं आणि गावाला वेढा पडतो. पायरीला पाणी लागतं तेव्हा ट्रॅक्टरची वेळ गेलेली असते, उरते ती बोट.

मग त्यानेच हिशेब मांडला. आयर्विनला इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५. त्याच्या अंदाजाने चाळिशी ओलांडली की ओढ्यावर पाणी चढतं. म्हणून ३५ ला चारा आणि टेम्पो सांगून ठेवायचा, धान्य आणि कागद माळ्यावर. ३८ ला म्हशी, आत्या आणि लेक उंचावरच्या गावी, त्याच्या बहिणीकडे. ४० ला हे दोघंही बाहेर. निघताना मेन स्विच बंद, गॅसचा रेग्युलेटर बंद. मात्र हे आकडे त्यांच्या गावाचे आहेत, जसेच्या तसे उचलू नका. कोल्हापुरात लोक राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतात, तिथे इशारा ३९ ला आणि धोका ४३ ला. तुमचा रस्ता कुठल्या आकड्याला बंद होतो, हे गावातल्या जुन्या माणसांना आणि तलाठ्याला विचारा.

आता प्रश्न आत्यांचा राहिला. २०१९ ला कमरेएवढ्या पाण्यातून त्या देव्हाऱ्यातले टाक आणायला मागे फिरल्या होत्या, आणि त्यांना आणायला मुलगा. हट्ट म्हणून त्याकडे बघितलं असतं तर पुढच्या वेळीही तेच झालं असतं. मी वैशालीला सुचवलं की पिशवीत पहिली जागा देवांना द्या. आत्यांनी स्वतः लाल खणाची पिशवी शिवली. मग त्याच पिशवीच्या कप्प्यात बीपीच्या गोळ्या, डॉक्टरांची चिठ्ठी, चष्मा आणि कवळीची डबी आपोआप आली. अभद्राचा विषय पुन्हा निघाला नाही.

मोठ्या पिशवीत आधार, रेशनकार्ड, सातबारा, बँकेचं पासबुक प्लास्टिकमध्ये गुंडाळून, आणि त्यांचे फोटो बहिणीच्या मोबाईलवर. थोडी रोकड, कारण वीज गेली की एटीएम आणि यूपीआय दोन्ही बंद. पॉवर बँक, दोन दिवसांचं पाणी, ओआरएस, आशाताईंकडून पाणी शुद्ध करायच्या मेडिक्लोरची बाटली, पॅडची पाकिटं. घराचे आणि गोठ्याचे आताचे फोटोही काढून ठेवा, पंचनाम्याला उपयोगी पडतात. जिल्ह्याचा नियंत्रण कक्ष १०७७, रुग्णवाहिका १०८, आणीबाणीला ११२. हे मोबाईलमध्ये नको, कपाटाच्या दारावर लिहा.

मुलांना सांगावं का, हे जवळजवळ प्रत्येक आई विचारते. सांगावं, पण दिवसा, थोडक्यात, आणि हाताला काम देऊन. मोठ्यांची रात्रीची कुजबुज मुलं ऐकतातच, आणि अर्धवट ऐकलेलं जास्त घाबरवतं. वैशालीच्या लेकीला तिची स्वतःची छोटी पिशवी दिली: एक ड्रेस, चित्रकलेची वही, खडू. तिच्या आत्याचा, म्हणजे वडिलांच्या बहिणीचा, फोन नंबर तिने पाठ केला. मे महिन्यात एका रविवारी सगळे टेम्पोत बसून खरोखरच त्या बहिणीच्या गावी जाऊन आले. मुलीला ती सहल वाटली, आणि वाटू दिली.

वैशालीची झोप मात्र एवढ्याने लगेच आली नाही. पातळी दिवसातून दोनदाच बघायची, सकाळी आणि संध्याकाळी, तीही प्रशासनाच्या सूचनेतली. ग्रुपवरचे फॉरवर्ड रात्री आठनंतर बंद. दोन वाजता जाग आलीच तर स्वतःला एकच प्रश्न विचारायचा: आपल्या आकड्याला अजून किती फूट आहेत? ज्या काळजीला काम आहे ती करावी, जिला आता काहीच काम नाही ती सकाळपर्यंत ठेवावी. हे सरावाने जमतं. ज्यांना आठवडेच्या आठवडे झोप नाही, पुराची दृश्यं दिवसाही डोळ्यांसमोर येतात किंवा जगणं नको वाटतं, त्यांनी तयारीच्या पिशवीवर थांबू नये, डॉक्टरांना भेटावं. टेली मानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

पुढच्या पावसाळ्यात आकडा ३८ ला गेला. ठरल्याप्रमाणे म्हशी हलल्या, आत्या आणि मुलगी गेल्या. आणि पाणी उतरलं. शेजारी हसले, डेअरीचं दूध घटलं, टेम्पोचं भाडं अंगावर पडलं. नवरा माझ्याकडे आला तो चिडूनच. मी त्याला म्हटलं, असं होणारच. जो वेळेत निघतो तो कधीतरी उगाच निघालेला ठरतो. तो खर्च वाया गेला असं धरू नका, खताच्या पैशासारखा आधीच हिशेबात धरा.

यंदा वैशालीने भिशीतून टेम्पोचे पैसे बाजूला काढले आहेत. नवऱ्याचं म्हणणं, म्हशींसाठी ३८ चा आकडा ३९ करू. मी सांगितलं, जरूर करा, पण आधी ओढ्यावर जाऊन पुलाची उंची बघून या. त्यावर त्यांची चर्चा अजून चालू आहे, आणि ती मे महिन्यात चालू आहे.