हप्त्याच्या धमकीवरून कॅनडात आश्रय मागताना ‘सगळ्यांनाच धोका आहे’ असं लिहून माझं काय झालं

ताई, तुमची पोस्ट वाचून माझी २०१८ ची सुनावणी डोळ्यांसमोर आली. यजमानांकडे हप्ता मागायला माणसं आली, तुम्ही टोरांटोत आश्रयाचा अर्ज करताय आणि निवेदनाची सुरुवात आहे, ‘आमच्या बाजारपेठेतले सगळेच व्यापारी या टोळीला घाबरतात.’ माझीही पहिली ओळ जवळपास हीच होती.

मी वकील नाही. लीगल एड, म्हणजे सरकारी खर्चाने वकील, मिळतंय का ते आधी बघा, कायदेही बदलतात. पण धर्म, वंश, राजकीय मत असं छळाचं कारण नसलं की कॅनडाच्या निर्वासित कायद्याचं कलम ९६ लागणं कठीण, ते तुम्हाला ठाऊक असेलच. उरतं कलम ९७, जिवाला धोका असलेल्यांसाठीचं. तिथे धोका तुम्हाला व्यक्तिशः असावा लागतो. त्या देशातल्या इतरांना सर्रास असतो तसला चालत नाही. परिस्थिती किती वाईट आहे हे पटवायला आपण ‘सगळ्यांनाच’ लिहितो आणि नेमका त्यावरच अर्ज फेटाळला जातो. खोटं लिहा असं अजिबात म्हणत नाही. बाजारपेठेचं सांगा, पण एका ओळीत. हप्ता सगळ्यांकडे मागतात. नाही म्हटल्यावर, तक्रार केल्यावर तुमच्याच मागे का लागले, ते तारखांसकट लिहा.

माझं निवेदन एका सल्लागाराच्या ऑफिसात लिहिलं गेलं. मी दोघांची नावं घेऊन पोलिसांत तक्रार दिली होती. आठव्या दिवशी शटरखालून चिठ्ठी आली, मुलाच्या वहीसारख्याच चौकटीच्या कागदावर: ‘केस मागे घे, नाहीतर पोरगा शाळेतून घरी यायचा नाही.’ ती मी त्या ऑफिसात टेबलावर ठेवली. समोरच्या माणसाने उचलूनही पाहिली नाही. ‘हे सुनावणीत सांगा,’ म्हणाला. सुनावणीत सांगितलं, तर निर्णय देणाऱ्या सदस्यांनी विचारलं, ‘इतकी मोठी गोष्ट निवेदनाच्या फॉर्ममध्ये का नाही?’ माझ्याकडे उत्तर नव्हतं. चिठ्ठी नंतर रचली असं त्यांना वाटलं. सुनावणीच्या किमान १० दिवस आधी फॉर्ममध्ये दुरुस्ती देता येते, हे पूर्ण फी घेतलेल्या त्या ऑफिसाने एकदाही सांगितलं नाही. याचा राग अजून गेलेला नाही. एफआयआरची प्रत फाइलमध्ये होती म्हणून अपिलात निभावलं, पण तोवर मुलाची दोन वर्षं टांगणीला लागली.

दुसरा प्रश्न येणारच: बंगळूरला किंवा कोलकात्याला का नाही गेलात? ‘तिथे ओळखीचं कोणी नाही, भाषा येत नाही’ याने सहसा भागत नाही. टोळीची तिथवर पोच आहे का आणि तुम्हाला शोधायची तिला अजून गरज आहे का, हे दोन्ही बघतात. पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीतून पत्ता फुटेल असं बरेच जण सांगतात. माझ्या मते नुसतं तेवढं लंगडं पडतं. आम्ही नागपूरला मेव्हण्याकडे राहायला गेलो आणि तिथे त्याच्या फोनवर धमकी आली, ते जास्त कामाला आलं. तुमच्याकडे असे कॉल असतील तर आजच स्क्रीनशॉट घ्या.

आणि दुभाष्याची भाषा मराठीच लिहा, हिंदी चालेल म्हणू नका. मराठी दुभाषा आला तरी पहिल्यांदाच स्पष्ट सांगा, हप्ता म्हणजे खंडणी. माझ्या वेळी त्याचं भाषांतर ‘इन्स्टॉलमेंट’ झालं आणि मी कधीच न काढलेल्या कर्जाबद्दल पंधरा मिनिटं प्रश्न झाले.